धनुष्याला टांगलेले तांदूळ

परळ,
दि. ६ जानेवारी २०२५

ती. सुभद्राताईस,
रमाकांतचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

फोनवर मी तुला वाक्य पुरे करू देत नाही, म्हणून यापुढे जे असेल ते पत्रानेच कळवावे, असा तुझा हुकूम. तो मला मान्य आहे. पत्रात मलाही मध्येच कोणी तोडत नाही.

कळविण्यास आनंद होतो की, मी एक धनुष्य घेतले. लाकडी, जुने, चोर बाजारातले. ऑफिसने मुदतीआधी निवृत्त केल्यापासून मी स्वयंपाकघरातील डब्यांवर नावांच्या चिठ्ठ्या लावीत होतो. त्या दुसऱ्यांदा बदलल्या तेव्हा ललिता म्हणाली की, माणसाने घराबाहेरचा एखादा छंद धरावा. मी धरला. तो घरात आला, एवढाच तिचा आक्षेप आहे. लिफ्टमधून शस्त्र न्यायला सेक्रेटरींची परवानगी लागेल, असे वॉचमन म्हणाला. जिन्याबाबत तसा नियम नसल्याने अकरा मजले चढून आणले.

जुने लाकूड आतून तडकलेले असू शकते. न तपासता खेचले तर त्याचे दोन तुकडे होतात आणि एक खेचणाऱ्याच्या तोंडावर येतो. म्हणून प्रथम त्यावर सर्वत्र कापूस फिरविला. जेथे कापसाचा तंतू अडकतो तेथे लाकूड उसवलेले असते. (कापूस देवघरातला, वातींचा होता.) एकाच जागी अडकला. ती जागा घासून घेतली, अळशीचे तेल पाजले, जुनी दोरी फेकून नवी बांधली. आता त्याला थोड्याथोड्या भाराने वाकण्याची सवय लावायची आहे. भार घरातच उपलब्ध आहे.

ललिता बरी आहे. आहे तो लोभ कमी होऊ देऊ नये.

तुझा,
रमाकांत

&nbsp;

गिरगाव,
दि. १५ जानेवारी २०२५

चि. रमाकांत यास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि तुझी बायको एकाच दिवशी पोचली. ललिता बरी आहे हे वाक्य मी वाचत होते, तेव्हा ती बॅग घेऊन दारात उभी होती. माहेरी का गेली नाहीस, असे विचारले. म्हणाली, तिथे काय झाले म्हणून विचारतील, आणि धनुष्य झाले असे सांगता येत नाही. मी नणंद असून तिला माझ्याकडे यावेसे वाटले, याचा मला अभिमान वाटावा की तुझी लाज, हे अजून ठरलेले नाही.

तिने सगळे सांगितले. म्हणे ओट्यासमोरच्या भिंतीवर तू ते आडवे टांगलेस आणि खाली दोरीला पिशव्या लावल्यास. आधी साखर, मग डाळ, मग तांदूळ. तिने भातासाठी तांदूळ मागितले, तर तू म्हणालास की आज काढता येणार नाहीत, वाक मोजायचा राहिला आहे. अरे, कुकर लावायच्या वेळी कोणी असे बोलते का? लहानपणी तू संक्रांतीला पतंग घेऊन गच्चीवर जायचास आणि वाऱ्याची खात्री पटेपर्यंत काळोख पडायचा. तोच तू.

ललिता रडतबिडत नाही. माझे शब्दकोडे माझ्याआधी सोडवून ठेवते, हा मला झालेला जाच. पण परत कधी जाणार विचारले की भाजी निवडायला घेते. या वेळी मला काळजी वाटते. ते लाकूड उतरव आणि तिला न्यायला ये.

तुझी,
सुभद्राताई

&nbsp;

परळ,
दि. २१ जानेवारी २०२५

ती. ताईस साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझ्या पत्रातील आरोप वस्तुस्थितीस धरून आहेत. तथापि एक अडचण तुझ्या ध्यानात आलेली नाही. धनुष्यावरचा भार रोज थोडा वाढत जायला हवा. परंतु वाणसामान आणणे हे खाते माझ्याकडे कधीच नव्हते. त्यामुळे जो भार मी सकाळी टांगतो, त्यातलाच काही संध्याकाळी शिजवतो. डाळ गेली, तांदूळ निम्म्यावर आले. धनुष्य दिवसेंदिवस सरळ होत चालले आहे. डब्यांवरच्या चिठ्ठ्या अचूक आहेत. डबे रिकामे आहेत.

धनुष्य पूर्ण ताणून पाहण्याच्या शेवटच्या चाचणीचे म्हणशील, तर तिची तयारी मी ललिता येथे असतानाच सुरू केली होती. त्यासाठी दोरी जमिनीजवळच्या कप्पीतून घेऊन दूर दाराशी उभे राहून ओढायची, म्हणजे तुटले तरी कोणाला लागत नाही. मात्र ओढणाऱ्याला तिथून दोन्ही बाजू सारख्या वाकतात की नाही, हे दिसत नाही. बाजूला उभे राहून थांब म्हणणारे दुसरे माणूस लागते. सेक्रेटरी हितेंद्र यांना विचारले. त्यांनी अर्ज मागितला आणि कमिटीपुढे ठेवला. धनुष्य सुरक्षित असल्याचे चाचणीत सिद्ध झाल्यावर चाचणीस परवानगी देण्यात येईल, असे ठरले. शेजारचा सुशांत स्वतःहून आला, परंतु हेल्मेट घालून त्याने डोळेही मिटून घेतले. समोरच्या कौसल्याबाईंना बोलावले, तर त्यांनी धनुष्याला हळदकुंकू वाहिले आणि गुरुवारपर्यंत त्याला कोणी हात लावायचा नाही, असे बजावून गेल्या. वॉचमनलाही विचारले, परंतु त्याची ड्यूटी बदलली.

एकट्याने ओढणे नियमात बसत नाही. माझ्याविषयीचे मत या एका प्रकरणावरून पक्के करू नये, ही विनंती.

तुझा,
रमाकांत

&nbsp;

गिरगाव,
दि. २७ जानेवारी २०२५

चि. रमाकांत यास आशीर्वाद.

तुझे पत्र मी तिला मोठ्याने वाचून दाखविले. कमिटीच्या ठरावाला ती इतकी हसली की खालच्या मजल्यावरून चौकशी आली. मग वॉचमनपर्यंत पोचल्यावर उठली आणि गॅलरीत जाऊन उभी राहिली. मी विचारले तर म्हणाली, काही नाही, वाचा पुढे. पुढे तुझा नियम आणि विनंती, बाकी काही नव्हतेच.

आता तिलाच लिही. मी काही तुम्हा दोघांमधले पोस्ट ऑफिस नाही. आणि बायकोला वि. वि. घालू नकोस.

तुझी,
ताई

&nbsp;

परळ,
दि. २ फेब्रुवारी २०२५

प्रिय ललितेस,

ताईच्या आज्ञेवरून वि. वि. वगळले आहे, त्यामुळे सुरुवात कशी करावी ते सुचत नाही.

मीठ शिल्लक आहे, तेच दोरीला टांगले आहे. बाकी सर्व संपले. काल वाण्याकडे गेलो. कोणता तांदूळ हवा, असे त्याने विचारले. आपल्याकडे इतकी वर्षे कोणता येतो, हे मला सांगता येईना. मी म्हणालो, वजनाला चांगला असेल तो. त्याने तुझी चौकशी केली. मी काहीही न घेता परत आलो.

आज धनुष्य उतरविण्यासाठी खुर्चीवर चढलो. ते खरोखर सुंदर झाले आहे. तेलाने त्याचा रंग चिंचोक्यासारखा आला आहे. ते तुला दाखवावे असे मला पहिल्या दिवसापासून वाटत होते. परंतु त्याआधी ते निर्दोष व्हावे अशी इच्छा होती. त्यामुळे दाखवायचे राहिले.

तू येणार असशील तर ते उद्याच घराबाहेर जाईल. येणार नसशील तरी जाईल. संध्याकाळी घरात दोरीच्या ताणाचा आवाज तेवढा ऐकू येतो, आणि तो आता मला सोसवत नाही.

उत्तर द्यावेस.

तुझा,
रमाकांत

&nbsp;

गिरगाव,
दि. ६ फेब्रुवारी २०२५

घरच्या मंडळींस ललिताचा नमस्कार. (मंडळी म्हणजे तुम्ही एकटेच, हे ठाऊक आहे.)

धनुष्य कुठेही पाठवू नका. तांदळापायी निघून आले, हे वन्संना सांगायला सोपे होते म्हणून तसे सांगितले. तुम्ही सेक्रेटरींना विचारलेत, सुशांतभावजींना विचारलेत. कौसल्याबाईंना तर गुडघे दुखत असताना बोलावून आणलेत. लिफ्ट अडवणाऱ्या वॉचमनलाही विचारलेत. मी तिथेच, चार पावलांवर कणीक मळत होते. मला वाटले, आता मला विचारतील. तुम्ही हात पुसून दुसरा अर्ज लिहायला बसलात. मी बॅग भरली.

मी रविवारी येते. वाणसामान आणते, ते डब्यांतच राहील. तांदूळ वाडा कोलम येतो, पाठ करून ठेवा. वन्संही यायचे म्हणत आहेत. त्या सांगितलेल्या जागी उभ्या राहणार नाहीत, तेव्हा त्यांची काय सोय करायची ते आधीच ठरवा.

दोरी मी ओढीन. तुम्ही बाजूला उभे राहा, चष्मा पुसून, आणि थांब म्हणायचे असेल तर मोठ्याने म्हणा. धनुष्य तुटले तर तुटले. निदान आपण दोघांनी पाहिलेले असेल.

ललिता