प्रवेशाचं कारण

१२ मार्च, रविवार

प्रिय चिमे,

'तुम्ही सगळी खुशाल असाल' असं लिहून पत्र सुरू करायची आपली जुनी सवय. आज ते लिहिताना हात अडखळला. तुझा निरोप मिळाला. एकच ओळ होती, "आईनं बॅग भरली आहे, आश्रमात सोडायला तूच ये." पुन्हा फोन करायचं धाडस होत नाही, म्हणून हे पत्र.

नोकरीला लागून तीन आठवडे झाले. चष्म्याच्या दुकानावर दोन खोल्या आणि सहा माणसं. लहानसहान संस्थांच्या वेबसाइट बनवतो. मी डेव्हलपर, म्हणजे लोकांना दिसत नाही ती आतली जुळणी मी लिहिते. पद ज्युनियर, पण सगळे मला 'सिनियर' म्हणतात. सत्तावन्नाव्या वर्षी असे विनोद पचवता आले पाहिजेत. लग्नाआधी विमा कचेरीत मी प्रोग्रॅम लिहीत असे हे सांगितलं, की जमिनीतून उकरून काढलेलं भांडं बघावं तसे माझ्याकडे बघतात. शेजारच्या टेबलावरची मुलगी मात्र मायाळू आहे. माझं काही चुकलं की "होतं हो" म्हणते आणि गुपचूप दुरुस्त करून देते.

शाळेत सिस्टर आपल्याला आधी कच्च्या वहीत लिहायला लावायच्या आणि तपासून झालं की पक्क्या, आठवतं? इथेही तसंच. प्रत्येक वेबसाइटची एक कच्ची प्रत असते, तिच्यात वाटेल ते भरून बघायचं. दुसरी पक्की, ती जगाला दिसते. दोन्ही हुबेहूब सारख्या, वरच्या पत्त्यात काय तो एका शब्दाचा फरक. तू थेट पक्क्या वहीत लिहायचीस आणि तुझं कधी चुकायचं नाही. मी कच्च्यात दोनदा लिहूनही पक्क्यात शाईचे डाग पाडायचे, आणि आई ते ब्लेडनं हलकेच खरवडून द्यायची.

माझं पहिलं काम एका वृद्धाश्रमाचा प्रवेश अर्ज. तो नीट जातो की नाही हे भरून बघायचं होतं. मुलगी म्हणाली होती, काहीही टाका, अबक टाका. पण फोन नंबर खोटा चालेना, अर्ज परत यायचा. मला पाठ असलेला नंबर एकच, तुझ्या घरचा. तो टाकला. तुझ्या नंबरावर अबक हे नाव कसंसंच दिसलं, म्हणून आईचं टाकलं. मग वय. शेवटी मोठी रिकामी चौकट होती, 'प्रवेशाचं कारण'. तीही भरली आणि बटण दाबलं.

ती पक्की प्रत होती.

मालकांना सगळे कॅप्टन म्हणतात. त्यांना सांगितलं तर ते हसले. पहिल्या महिन्यात प्रत्येकाच्या हातून असं होतं, म्हणाले, आश्रमाला कळवून टाका चुकून गेला म्हणून. मी दोन दिवस कळवलं नाही. कामाचा व्याप होता असं तुला सांगू शकले असते. नव्हता. तेवढ्यात आश्रमाच्या बाईंचा फोन आला, तू बाजारात गेली होतीस, आणि आईनं उचलला. पडताळणी म्हणून बाईंनी तिला अख्खा अर्ज वाचून दाखवला.

त्या चौकटीत काय होतं ते आईनं तुला सांगितलं नसणार. ती कुणाचं उणं कुणाजवळ बोलत नाही. म्हणून मीच सांगते. मी लिहिलं होतं, "धाकटीनं नऊ वर्षं केलं. थोरलीला करायचं नाही."

तिथे अबक चाललं असतं, चिमे. त्या चौकटीत खरं लिहा अशी अट नव्हती.

गेल्या उन्हाळ्यात तू म्हणालीस, माझी पाठ गेली गं ताई, आता काही दिवस आईला तू ने, भावोजी गेल्यापासून तू मोकळीच आहेस. मी म्हटलं, मला नोकरी लागते आहे, दिवसभर तिच्यापाशी कोण बसणार? तेव्हा नोकरी नव्हती. मी कुठे अर्जसुद्धा केला नव्हता. तुझा फोन ठेवला आणि त्याच दिवशी जाऊन कॉम्प्युटरच्या वर्गात नाव घातलं. लोक पोटासाठी शिकतात, मानासाठी शिकतात. मी आई घरी येऊ नये म्हणून सहा महिने मान मोडून शिकले. ऑफिसात माझ्या जिद्दीचं कौतुक होतं, तेव्हा कुठे बघावं कळत नाही.

आधी सासूबाई, मग हे. अंथरुणाला खिळलेल्या दोन माणसांचं मी केलं. तिसऱ्यासाठी माझ्यात ताकद नाही की इच्छा नाही, हे मी स्वतःला कधी विचारलं नाही. ज्या बाईनं रोज सकाळी आपल्या दोघींच्या वेण्या घातल्या, तिच्याबद्दल हा प्रश्न विचारायचा तरी कसा?

परवा तू मुकाट्यानं फोन तिच्या हातात दिलास. मी म्हटलं, "आई, तो अर्ज चुकून गेला गं."

"चुकून कसा? सगळं बरोबर तर भरलं होतंस," ती म्हणाली. "वय तेवढं एका वर्षानं कमी पडलं. मी त्यांना सांगून नीट करून घेतलं."

लगेच तिनंच विचारलं, "डब्यात काय नेतेस? बाहेरचं खाऊ नकोस."

तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

शनिवारी सकाळच्या गाडीनं येते. तिची बॅग मी माझ्या हातानं रिकामी करीन आणि म्हणेन, आश्रम नको, माझ्या घरी चल. ती नाही म्हणेल. मी पुन्हा म्हणेन, ती पुन्हा नाही म्हणेल. आणि तेव्हा मला हायसं वाटेल. हे एवढं वाक्य लिहायला मला तीन पानं लागली. त्या क्षणी तू आईच्या आणि माझ्या मध्ये उभी राहा. माझं तोंड तिला दिसू देऊ नकोस.

अजूनही तुझी ताई म्हणवून घेणारी,
मी