प्लास्टरचं राज्य

३ फेब्रुवारी
डोंगर उतरवायचा हुकूम आला! प्लास्टरचा — पण आपलाच. संग्रहालयाचे साहेब म्हणाले, राज्याचा वर्धापनदिन आलाय, राज्यपाल येणार, दालनातलं राज्याचं मॉडेल अद्ययावत हवं. खरा डोंगर खणून खणून खड्डा झाला, तर इथंही खड्डाच दिसला पाहिजे. आणि पायथ्याचं गाव पुसायचं. "कशाला ठेवायचं बाई? एकच घर उरलंय तिथं."

ते एक घर आमचं आहे, हे सांगितलं नाही. ताई राहते तिथं. एकटीच.

५ फेब्रुवारी
आज शाळेच्या दोन सहली. मी नेहमीचंच बोलले — लाल बटण दाबलं की लोखंड, काळं दाबलं की कोळसा, निळं म्हणजे धरणं. आपलं राज्य एवढं मोठं की एका टोकाला उजाडतं तेव्हा दुसऱ्या टोकाला कोंबडाही आरवलेला नसतो. मुलं हसतात. मग इतिहास. राजे गेले, परकी कंपनी आली, ती गेली, आपलं सरकार आलं. डोंगर मात्र सगळ्यांनी सारख्याच निष्ठेनं खणला — हे मी मुलांना सांगत नाही.

कॉन्व्हेंटमध्ये भूगोलाच्या सिस्टर खिडकीतून त्याच डोंगराकडे बोट दाखवायच्या. मुलींनो, तुम्ही श्रीमंत आहात, म्हणायच्या. ताई आणि मी हात धरून घरी यायचो, मोजे लाल मातीनं माखलेले, आणि खरंच स्वतःला श्रीमंत समजायचो! आईची बोलणी खाईपर्यंत.

८ फेब्रुवारी
ताईला फोन केला. खाणीसाठी घर घेण्यावरची सुनावणी वीस तारखेला आहे, मी हरकत नोंदवली आहे, तू तिथून उठली नाहीस तोवर कुणी घराला हात लावू शकत नाही — सगळं समजावलं. ऐकत होती. मध्ये मध्ये खोकत होती. धूळ गं, म्हणाली. मग मी एकेक विचारत बसले. आईची शिवणाची खिडकी? विहिरीचा कठडा? मागच्या दाराची करकर?
"आहे गं सगळं," म्हणाली.
किती बरं वाटलं.

११ फेब्रुवारी
प्लास्टर-मास्तर आले. पटाशी लावली आणि डोंगर घमेल्यात! म्हणाले, "बाई, सरकारला एवढी वर्षं लागली, मी जेवणाआधी उरकलं. कंत्राट मलाच द्यायला हवं होतं." मीही हसले. कसं हसू आलं, देव जाणे.

१२ फेब्रुवारी
गावाचा दिवा काढला आणि राजधानी विझली! विधानभवनाचा घुमट, सचिवालय, उच्च न्यायालय — सगळीकडे काळोख. पूर्वी कुणीतरी सगळे दिवे एकाच तारेत ओवलेत. साहेबांना घाम फुटला. मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. म्हटलं, आता ठेवावंच लागेल गाव.

१३ फेब्रुवारी
वायरमन आला. गाव वगळून तार परस्पर जोडली. राजधानी लागली. त्याचा चहासुद्धा निवला नव्हता.

२० फेब्रुवारी
सुनावणी झाली. अधिकारी तरुण, अगदी नम्र. मला खुर्ची दिली, पाणी मागवलं. मी घर, शाळा, विहीर सगळं सांगितलं. आवाज चढू दिला नाही. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि हरकत फेटाळली. राज्याची गरज मोठी आहे म्हणाले. महिनाअखेर घर रिकामं करायचं.

ताई आली नव्हती, अंगात त्राण नाही म्हणून. तिला कोणत्या तोंडानं सांगायचं? तिचा सगळा जीव त्या घरात. शेवटी फोन केला. आधी खोकली. मग म्हणाली, "म्हणजे आता नक्की निघायचं?"
आवाज कापत होता. बिचारी!

२६ फेब्रुवारी
ताईला आणलं. दोन ट्रंका आणि शिवणयंत्र. गाडी वळली तेव्हा मी मागं वळून रडले. ती सरळ समोर बघत होती.

२७ फेब्रुवारी
डॉक्टरांनी तिच्या छातीचा फोटो काढला. मला बाहेर बोलावून म्हणाले, फुप्फुसं धुळीनं दगड झालीत. आता श्वास चालेल तितके दिवस जाऊ द्यायचे. "वेळेवर तिथून हलवलं असतंत तर..."
मी म्हटलं, तीच हलायला तयार नव्हती. आमचं घरच तसं आहे.

१ मार्च
सकाळी ताईच्या पाठीशी उशा लावल्या, चहा दिला आणि विचारलं. सगळं गाव उठलं, तेव्हाच का नाही गं निघालीस?
म्हणाली, "मला काय, मी पहिल्या गाडीत बसले असते. पण तू येशील ना, चिमणे. माहेराला कुलूप कसं लावायचं?"
सहा वर्षं मी तिकडे फिरकलेही नव्हते.