भिंतीवरचा ‘ग’

सोम. १२ जानेवारी १९८७
शाळेच्या भिंतीवर कुणीतरी लिहिलंय. हेडसरांच्या खोलीच्या जनेलाच्या, खिडकीच्या बरोब्बर खाली, तांबड्या रंगात, हातभर उंच अक्षरं: ‘गप्प बसणारे कोणाचे?’
गोव्याची राजभाषा कोंकणी की मराठी, घराघरांत सध्या तेवढंच चाललंय. हेडसर कुठल्याच बाजूने तोंड उघडत नाहीत. म्हणजे टोमणा त्यांनाच.
पोरं वाचून हसत होती. मी अक्षर बघत होते. ‘ग’ची गाठ विड्याच्या पानासारखी, खाली टोक काढलेली. असा ग चपट्या ब्रशने आम्ही काढतो. चित्रकलेच्या नाईक सरांनी शिकवलेला. बारावीत चित्रकला घेतलेले आम्ही तिघेच. मी, शैला, तानाजी.
शैलाने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे. दोघींनी एकदम मान वळवली.

मंगळ. १३
भिंतीला चुना मारला. शिपाई रिकामा उभा, आणि मारत होते नाईक सर स्वतः. तांबडं अजून खालून दिसतं.
घरी सांगितलं तर बाबा खूश. “बरें केलां कोणें तरी!” बाबा मराठीच्या सगळ्या सभांना जातात. मराठीसाठी भांडतात तेही कोंकणीत. आई भात वाढता वाढता म्हणाली, “तुजें न्हय मगे तें, विजू?” मीच लिहिलं का, ही चेष्टा असेल. पण ताट वाढून झालं तरी ती माझ्याकडेच बघत होती.

गुरु. १५
हेडसरांनी तिघांना बोलावलं. लांब लांब बसवलं. कागद, ब्रश, तांबडा रंग. तीच ओळ लिहायची. “वर्गात काढता तशीच काढा. चांगली.” नाईक सर दाराशी उभे.
माझा हातच चालेना. पणजीच्या कला महाविद्यालयात जायचं तर शाळेचा वर्तणुकीचा दाखला लागतो. माझा ग कागदावर उतरला की संपलं. मी काही केलेलं नाही, तरीसुद्धा. मग मुद्दाम बिघडवलं. गाठ गोल केली, रेघ हलवली.
कागद देताना शैलाचा दिसला. पहिलीतल्या पोराने काढावा तसा. शैलाचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे.
तिने का बिघडवलं?
तानाजीने मात्र सुरेख काढलं होतं. भिंतीवर होतं तसंच.

शनि. १७
तानाजीला घरी बसवलंय. चौकशी होईपर्यंत. त्याचे वडील खाणीवर ट्रक चालवतात, कोल्हापूरकडचे, इथे साखळी गावात भाड्याच्या खोलीत राहतात. शिपाई सांगत होता, स्टाफरूममध्ये म्हणे कुणीतरी बोललं, “भायल्यांनी येवन हांगा कित्याक बरोवचें?” बाहेरच्यांनी इथे येऊन लिहायचं कशाला, म्हणे.
सुटल्यावर बसस्टँडवर शैलाला धरलं.
“तू मुद्दाम वाईट काढलंस.”
“आनी तुवें?”
“मी भ्याले.”
“हांवूय भियेलें.”
तिच्या नखांत तांबडं होतं. माझ्याही असतं म्हणा. पण मी घरी येऊन बघितली, माझी स्वच्छ होती.

मंगळ. २०
तानाजीच्या खोलीवर गेले. आईला पाणी भरू लागत होता. त्याच्या आईने चहा विचारला, मी नको म्हटलं.
“सर म्हणलं चांगलं काढ. मी चांगलं काढलं. वंगाळ कशाला काढू?” मग विचारतो, “तुम्ही दोघींनी कसं काढलं?”
“तसंच,” मी म्हटलं.
माझ्या तोंडून गेलं. त्याने विश्वास ठेवला, ते जास्त वाईट. त्यालाही पणजीलाच जायचंय. बाप म्हणतो, दाखला मिळत नसेल तर ट्रकवर क्लीनर म्हणून चल.

गुरु. २२
राहवेना. नाईक सरांना गाठलं. ते नळावर ब्रश धूत होते.
“सर, मी मुद्दाम बिघडवलं त्या दिवशी. शैलानेपण. तुम्हाला कळलं असणारच.”
सर वर न बघता म्हणाले, “विजया, पणजीला जायचंय ना तुला? मग गप्प बस.”
एवढंच. ब्रश केव्हाच स्वच्छ झाला होता, तरी धूत राहिले.
घरी जाताना बसमध्ये आमोणे गावापर्यंत डोक्यात तेच. आमचं अक्षर सर कुठेही ओळखतात. मग आमचे कागद बघून बोलले का नाहीत? चुना स्वतः का मारला? तिघांना बसवलं. चौथ्याला का नाही? इतके दिवस मी शैलावरच संशय धरून बसले.
नाही. सर असं करणार नाहीत. माझ्या हाताला धरून शिकवलंय त्यांनी.

शुक्र. २३
हेडसरांकडे गेले. ब्रश, रंग घेऊनच. म्हटलं, मला परत लिहायचंय. त्यांच्या मेजावर, त्यांच्यासमोर लिहिलं. माझं खरं अक्षर.
त्यांनी तानाजीचा कागद काढून शेजारी ठेवला.
“म्हणजे तू लिहिलंस भिंतीवर?”
“नाही सर.”
“मग?”
“अक्षरावरून तानाजीला धरलंत ना? तर मलाही धरायला हवं. आम्ही तिघंही असंच लिहितो. शिकवलंय तसंच.”
शेवटचं बोलून गेले आणि जीभ चावली. हेडसर उठून जनेलापाशी गेले. पाठ माझ्याकडे. “कोणी शिकवलं ते ठाऊक आहे मला. जा तू.”
आपण कुणाला सोडवलं आणि कुणाला अडकवलं?

मंगळ. २७
तानाजी आला. माफी वगैरे कुणी मागितली नाही. नाईक सर रजेवर.
मधल्या सुट्टीत तानाजी बाकाशी येऊन उभा राहिला. “तू गेलीस म्हणं हेडसरांकडं.”
“हो.”
“मग आधी का न्हाई गेलीस?”
तो मागच्या बाकावर जाऊन बसला. आता तिथेच बसतो.

सोम. ९ मार्च
सर परतलेत. वस्तुचित्र घेतात, निसर्गचित्र घेतात. अक्षरलेखन नाही. शैलाने विचारलं तर म्हणाले, “तें झालें तुमचें.” माझ्या चित्रातली चूक दाखवतात ती लांबून, बोटाने. पूर्वी ब्रश हातातून घ्यायचे.
कोंकणी राजभाषा झाली गेल्या महिन्यात. मराठीही कामकाजात चालेल म्हणे. बाबा सभांना जायचे थांबलेत. घरात शांत आहे. बरं वाटत नाही.

शनि. ३० मे
गोवा राज्य झालं. साखळीत फटाके, साखर वाटली. बाबा बाहेर पडले नाहीत, पण शेजाऱ्याने आणून दिलेली साखर खाल्ली.
दाखले मिळाले काल. शैलाचा: वर्तणूक उत्तम. माझा: समाधानकारक. तानाजीचाही समाधानकारक. म्हणजे हेडसरांच्या मनात आम्ही दोघं अजून आहोतच. की लिहिणाऱ्याच्या हाताला आलं ते लिहिलं? कारकुनाला विचारलं, तो म्हणतो, “हेडसर सांगतात तें हांव बरयतां.” म्हणजे सांगतील ते लिहितो.

सोम. २२ जून
पणजीला पहिला दिवस. प्रवेश दोघींना मिळाला, मला आणि शैलाला. तानाजी प्रवेशपरीक्षेला आलाच नव्हता. म्हणे गावी गेला, काकाकडे. ट्रकांवर नावं रंगवतो.
सकाळच्या बसमध्ये शैलाने जागा धरली होती. पणजी जवळ आली तशी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “एक सांगूं तुका? राग करचो न्हय.”
इतके महिने हेच ऐकायचं होतं मला. काहीही असेल. सरांचं. तिचं स्वतःचं. नाहीतर साधंच काहीतरी, चपला नव्या घेतल्या वगैरे.
“आता नको,” मी म्हटलं.
कधी ते तिने विचारलं नाही. जनेलाकडे तोंड करून हसली. सुटल्यासारखी हसली, की मलाच हसली, अजून ठरवता येत नाही.