बेलतळ्याकाठची तीन गुंठे जमीन

मी, कृष्णात रामू चौगले, वय ७४, राहणार मंगळवार पेठ, कोल्हापूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. अक्कल ठिकाणावर आहे. फुप्फुसांचे काही खरे नाही, असे डॉक्टर म्हणतात. फाउंड्रीत तीस वर्षे साचे केल्यावर दुसरे काय होणार? माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव टाकायला घरी येतेच कोण?

१. राहते घर मुलगा अमरसिंह याला. रंग बदलावा, भाडेकरू ठेवावा, माझी हरकत नाही.

२. कळंबा रस्त्याकडची, बेलतळ्याच्या काठची तीन गुंठे जमीन मुलगी क्रांती हिला. पावसाळ्यात ओढ्याचे पाणी याच तुकड्यातून तळ्यात उतरते. अमरसिंह तिथे मुरूम टाकून प्लॉट विकायला निघाला होता. भराव पडला की तळे संपले. क्रांतीने ही जमीन भरू नये, विकू नये, ओलीच ठेवावी. अमरसिंह रागावेल. तो माझ्यावरच गेला आहे.

३. गमबूट, विळे आणि गुऱ्हाळातून मोडीत घेतलेली रस उकळायची काहील दर रविवारी तळे साफ करायला येणाऱ्या मंडळींना. त्या काहिलीत बसून आम्ही नऊ वर्षे तळ्यातली जलपर्णी काढली. बूड गळते, डांबर लावून घ्यावे.

४. करीम शिकलगार याच्यासाठी काही ठेवलेले नाही. आमच्या विळ्यांना धार तोच लावून द्यायचा, फुकट. तीन वर्षांपूर्वी जूनमध्ये साफ केलेले तळे बघायला मोठे पाहुणे येणार म्हणून मी काठचे सगळे पाणकणीस कापायला सांगितले. मला ती घाण वाटली. करीम म्हणाला, त्यात पाणकोंबड्या घरटी करतात, पावसाळा जाऊ दे. मी चारचौघांत त्याला म्हणालो, "रविवारी गळ टाकून बसणाऱ्यानं मला पाखरांची दया शिकवू नये." तो विळे ठेवून निघून गेला.

त्या दिवशी कापलेल्या गवतात मला अकरा अंडी सापडली. मी ती कोणाला न दाखवता चिखलात दाबली आणि हात धुऊन पाहुण्यांना हार घातला. त्यानंतर बेलतळ्यावर पाणकोंबडी आलेली नाही. पाणी स्वच्छ दिसते, फोटो चांगले येतात. मला तिकडे बघवत नाही.

५. पाणकणीस पुन्हा लावले आहे. ते कोणी कापू नये. माझ्या दिवसकार्याला तिथे भाषणे करू नयेत.

साक्षीदार म्हणून करीमलाच बोलावले. यायला तो तयार नव्हता, तरी आला. कलम चार त्याने दोनदा वाचले. मी हात जोडले. तो म्हणाला, "म्या केलं माफ, आण्णा. पाखरांचं मला सांगता यायचं न्हाय." मग त्याने पेन मागितले.

लिहून देणार : कृष्णात रामू चौगले (सही)

साक्षीदार : १. करीम शिकलगार (सही)
२. ॲड. वर्षाराणी भोसले (सही)

कोल्हापूर, ९ नोव्हेंबर २०२५