नानायच्या डोळ्याच्या चार तारखा

१ मार्च, मंगळवार

आजपासून रोजनिशी. संस्थाप्रमुखानं ठेवायला हवी.

अमिहान ही माझी हेरसंस्था. सहा एजंट. फोनवर चालते म्हणून कुणी पोरखेळ समजू नये. प्रत्येक एजंट म्हणजे एक टोकन. तसा दुसरा जगात नाही. त्याला कामगिरीवर पाठवायचं तर माझी सही लागते आणि ती ब्लॉकचेनवर तास-मिनिटासकट कायमची नोंदली जाते. कुणालाही पुसता येत नाही, खेळ काढणाऱ्या कंपनीलासुद्धा नाही. इलोइलोच्या हॉटेलात बारा वर्षं रखवालदार होतो. तिथलं रजिस्टर आम्ही पेन्सिलीनं भरायचो. हॉटेल बंद पडलं ते उगाच नाही.

सध्याचा क्रमांक ४१२. महिनाअखेर पहिल्या शंभरात.

दुपारी नगरपालिकेतून नानायच्या, म्हणजे सासूबाईंच्या, ऑपरेशनची चिठ्ठी आणली. मोतीबिंदू, उजवा डोळा. १० मार्च, गुरुवार, सकाळी सात. मनिलाचे डॉक्टर वर्षातून एकदा येतात, तीन दिवस, फुकट. दहा हा शेवटचा दिवस. तिचा डावा डोळा गेला तेव्हा चिठ्ठी आणायला कुणी नव्हतं. या वेळी मी आहे.

३ मार्च, गुरुवार

नेस्टर येऊन गेला. शेजारी, तीनचाकी चालवतो, मला पारे म्हणजे दोस्त म्हणतो. माझा पाचवा एजंट मी त्याला चालवायला दिला आहे. विचारत होता, पारे, नानायला कधी न्यायचं? गाडी धुऊन ठेवतो, उशी घालतो, नाहीतर खड्ड्यांनी म्हातारीचे उरलेले दातही पडतील.

एवढी चौकशी कशासाठी?

ज्या दिवशी मी हॉस्पिटलात बसेन, त्या दिवशी अमिहानला वाली नाही. तो दिवस कोणता, हे कोब्राला हवंच असणार. कोब्रा ही शत्रूची संस्था. गेल्या महिन्यात तिनं माझ्यावर चार धाडी घातल्या. आतून कुणीतरी बातमी देतं आहे.

४ मार्च, शुक्रवार

सापळा लावला. साधा आणि नामी. नेस्टरला सांगितलं, तारीख १८. बायकोला कळवणार १६. समोरच्या दुकानातल्या मानांग (म्हणजे ताई) डेलियाला सांगितलं २२. ज्या तारखेला धाड येईल, त्या तारखेचा माणूस फितूर. खरी तारीख फक्त माझ्या डोक्यात.

नानायलाही सांगितली नाही. वेळ आली की कळवतो म्हणालो. ती म्हणाली, अरे रोडेल, डोळा माझाच आहे ना?

६ मार्च, रविवार

जोव्हीचा फोन. माझी बायको हाँगकाँगला एका म्हातारीला सांभाळते. रविवारी सुट्टी. मैत्रिणींबरोबर पुलाखाली पुठ्ठा टाकून बसते आणि तिथून बोलते. तिला १६ सांगितली. म्हणाली, मॅडमला विचारून त्या सकाळी फोन एप्रनमध्ये ठेवीन, आईला आत नेताना मला आवाज ऐकव. मला जरा वाईट वाटलं. पण नियम सगळ्यांना सारखा.

मग म्हणाली, तू स्वतः जाशील ना, पा? मी म्हणालो, सगळं माझ्याच हातात ठेवलं आहे.

९ मार्च, बुधवार

क्रमांक ३८८. उद्या सकाळी सहा ते दुपारी बारा फोनला हात लावणार नाही. सही करून लिहितो: रोडेल.

१० मार्च, गुरुवार

पहाटे ५. नानायला उठवून तारीख सांगितली. तिला नवल वाटलं नाही. जत्रेचा झगा काढला, केस विंचरले. मी म्हणालो, डॉक्टर झगा बघत नाहीत. म्हणाली, परत येताना मी बघीन ना.

६.२०. कोब्राची धाड. तीन एजंट वेढ्यात. नेमकी आजच! आजची तारीख दोघांनाच ठाऊक. मी आणि नानाय.

६.५०. नानायला सहज विचारलं, सकाळपासून कुणाशी बोललीस? म्हणाली, कोंबड्याशी. नोंद घेतली.

७.४०. दर दहा मिनिटांनी बचावाची सही करावी लागते. हॉस्पिटलच्या जाड भिंतींत रेंज नसते. चिठ्ठीवर सात लिहिलं असलं तरी असल्या ठिकाणी नंबर लागायला अकरा वाजतातच. अनुभव आहे.

९.०५. नानाय दाराशी खुर्चीत बसली आहे. मांडीवर पिशवी. दर गाडीच्या आवाजाला उठते.

११.३०. धाड परतवली! एकही एजंट पडला नाही. अमिहानच्या इतिहासात प्रथमच.

१२.१५. नाक्यावर गाडी नाही. नेस्टर भाडं घेऊन शहरात गेला आहे. गरज असते तेव्हा हा माणूस कधी नसतो. पोचायला दोन वाजले असते. नानायला म्हणालो, निरोप आलाय, तारीख पुढे गेली. तिनं वाकून बूट काढले. म्हणाली, डॉक्टरांनाही कामं असतात.

११ मार्च, शुक्रवार

क्रमांक ३४०. डॉक्टर पुढल्या वर्षी येतीलच. बहात्तर वर्षं बघितलं, त्यात एका वर्षानं काय मोठं होणार आहे?

१३ मार्च, रविवार

जोव्ही खुशीत होती. बुधवारची तयारी विचारली. म्हटलं, चोख. शेजारच्या पुठ्ठ्यावरची रोसिंग म्हणून कुणी हाच खेळ खेळते म्हणे. जोव्ही म्हणाली, तुझी ती कचेरी मलाही बघू दे की, पत्ता पाठव. संस्थेचा ब्लॉकचेनवरचा पत्ता पाठवला. पहिल्या दिवसापासूनचं सगळं काम तिला दिसेल. प्रमुखालाही कधी शाबासकी हवीशी वाटते.

१६ मार्च, बुधवार

सात वाजता जोव्हीचा फोन. न्हाणीघरातून, दबक्या आवाजात. कुठे पोचलात? सांगितलं की तारीख पुढे गेली, जनरेटर बिघडला. कधीपर्यंत? कळवतील म्हणालो.  बाहेरून कुणीतरी तिला हाक मारली. फोन बंद.

आज धाड नाही. बायको निर्दोष. समाधान वाटलं.

१८ मार्च, शुक्रवार

साडेपाचला नेस्टर दारात हजर. मी झोपेत होतो. धुतलेली गाडी, उशी. नानायला म्हणाला, चला, आज तुमचा दिवस. तिला वाटलं, हीच ती पुढे गेलेली तारीख. पुन्हा झगा, पुन्हा पिशवी. मला न उठवताच गेली दोघं.

दहाला परतली. नानाय सरळ आत गेली आणि भिंतीकडे तोंड करून निजली. नेस्टर उंबऱ्यावर उभा. म्हणाला, पहारेकऱ्यानं वही उघडून दाखवली. डॉक्टर दहा तारखेलाच गेले. नानायचं नाव तीन वेळा पुकारलं होतं.

ओरडला असता तर बरं झालं असतं. नुसतंच विचारलं, पारे, मला अठरा का सांगितलीस?

त्याला सापळ्याची रचना समजावली. चार तारखा, तीन माणसं. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं. मग फोन काढून माझा पाचवा एजंट मला परत पाठवला. जाताना म्हणाला, बारा वर्षं रात्रपाळी केलीस, चोर एकदाही सापडला नाही ना? मग आता घरातल्यांना पकडतोस.

आजही धाड नाही. नेस्टर निर्दोष. डेलिया उरली.

२० मार्च, रविवार

जोव्हीचा फोन. हॅलो नाही, जेवलास का नाही. आकडे वाचायला लागली. सहा एकवीस. सहा एकतीस. सहा चाळीस. सहा एक्कावन्न. मला वाटलं, बसचं वेळापत्रक. मग समजलं. दहा तारीख. तारीख नेस्टरनं कळवली असणार, कुठे बघायचं ते रोसिंगनं दाखवलं होतं. अकरा तीसपर्यंत एकेक सही वाचली.  मागे बायका हसत होत्या, कुणीतरी गात होतं.

मी म्हणालो, धाड होती.

म्हणाली, सही केली नसतीस तर काय झालं असतं?

नियम बघावे लागले. एजंट दोन तास बेशुद्ध पडतो.

आणि मग?

मग उठतो.

 ती म्हणाली, मी इथे परक्या म्हातारीला रोज आंघोळ घालते, रोडेल. तिच्या डोळ्यांत दिवसातून चार वेळा थेंब घालते. एकदाही चुकले नाही.

लग्नाला सतरा वर्षं झाली. मला पा म्हणते. आज रोडेल.

२२ मार्च, मंगळवार

धाड नाही. डेलियाही निर्दोष. कोडं वाढलं.

संध्याकाळी खेळाडूंच्या गटात विचारलं, कोब्राचा प्रमुख कोण? पुष्कळ जणांनी हसण्याच्या खुणा टाकल्या. एकानं लिहिलं, काका, कोब्रा म्हणजे कॉम्प्युटर. दर गुरुवारी सहा वाजून वीस मिनिटांनी सगळ्यांवरच येतो.

म्हणजे फितूर कुणीच नव्हतं. ही चांगली बातमी आहे. सांगायला कुणी घरात नाही. नानाय आहे, पण ती झोपली आहे.

२६ मार्च, शनिवार

नेस्टर नानायला शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. जोव्हीनं परस्पर ठरवलं. मला कळलं डेलियाकडून, काड्यापेटी घेताना. पिकलेला मोतीबिंदू आतल्या आत फुटला, डोळ्यात दाब चढला. दोन आठवडे आधी आणलं असतं तर, असं डॉक्टर म्हणाला म्हणे. आता ऑपरेशन केलं तरी फार तर उजेड-अंधार कळेल.

डेलियानं सुट्टे पैसे माझ्या हातात दिले नाहीत. फळीवर ठेवले.

रात्रभर डोळा दुखतो म्हणून नानाय कण्हत असते, हे मी ऐकत होतो. मला वाटलं, म्हातारपण.

३१ मार्च, गुरुवार

क्रमांक ९७. पहिल्या शंभरात! लिहिलं होतं तसं करून दाखवलं.

एकूण किती संस्था उरल्या ते पाहिलं. एकशे तीन. बाकीचे खेळ सोडून गेले.

जोव्हीचा निरोप, नेस्टरच्या फोनवर. डिसेंबरात ती येणार नाही. आणखी दोन वर्षांची सही केली.

२ एप्रिल, शनिवार

नेस्टर रोज चारला येतो. नानायसाठी पेज आणतो, तिच्याशी गप्पा मारतो. मी तेवढा वेळ मागच्या खोलीत असतो. आज चारला तो आला नव्हता. मी बाहेर आलो. नानाय दाराशी खुर्चीत. तिच्यासमोर उभा राहिलो. काहीतरी बोलायचं ठरवलं होतं.

तिनं मान वर केली. नेस्टर, आलास का?



ती म्हणाली, तो आत फोनवर असेल. त्याला हाक मारू नकोस. मला न्हाणीपर्यंत सोड बाबा, सकाळपासून थांबले आहे.

हात पुढे केला. मी धरला. न्हाणी नऊ पावलांवर. मधे पायरी आली तेव्हा तिचं कोपर जरा दाबलं, ती थांबली आणि पाय उचलला. मी एक शब्दही बोललो नाही.

दाराची चौकट चाचपत ती म्हणाली, देव तुझं भलं करो, नेस्टर.