दाट केलेला चहा

आबा, सहावीच्या चाळीस वह्या तपासून मान मोडून आलीय. प्रश्न साधाच होता. घरातले पदार्थ स्थायू, द्रव, वायू अशा तीन रकान्यांत लिहा. दगड, पाणी, वाफ इथवर सगळ्या पोरी शहाण्या. एकीनं मात्र दही, मध, टूथपेस्ट आणि मळलेली कणीक यांच्यासाठी चौथा रकाना पाडला आणि वर लिहिलं, 'अजून ठरलं नाही'. मी लाल फुली मारून मोकळी झाले. मग पेन तसंच हातात राहिलं, कारण हेच मी एकदा तुम्हाला विचारलं होतं.

पणदऱ्याच्या गुऱ्हाळावर. तुम्ही तिथले गुळव्या, काहिलीतला पाक कधी उतरवायचा ते सांगणारे. तुम्ही मान हलवल्याशिवाय कुणी काहिलीला हात लावायचं नाही. मी वही घेऊन आले, गूळ कुठल्या रकान्यात लिहू म्हणून. तुम्ही पाकाचा थेंब गार पाण्याच्या वाटीत सोडलात, दोन बोटांत धरून बघितलात, तर तो पसरला. थोड्या वेळानं पुन्हा सोडलात, आता त्याची गोळी वळली. म्हणालात, "कवा इचारतीस, त्यावर हाय." बाई मार्क कापतील म्हणून मी रडायला लागले, तर वर खेकसलात की पाक काय वहीत बघून उतरवतात व्हय. मी मुकाट 'स्थायू' लिहिलं. मार्क मिळाले, आणि असेच मार्क मिळवत पुढं शिक्षिका झाले.

आणि मग बारामतीच्या दवाखान्यातले ते अकरा दिवस. अर्धांगाच्या झटक्यानं तुमचा गळा लुळा पडला होता. डॉक्टर म्हणाले, पातळ दिलं तर फुप्फुसात जाईल, घट्ट दिलं तर अडकेल, मधाइतकं दाट तेवढंच द्या. पाणीसुद्धा दाट करायची डब्यातली पावडर घालून. मी शास्त्र शिकवणारी बाई, चमच्यानं मोजून तस्संच करत होते. तुम्ही रोज एकच मागायचात, चहा. शेवटी मी चहातच ती पावडर कालवली. चमचा पुढं केला, तर तुम्ही आधी डाव्या हाताची दोन बोटं त्यात बुडवलीत आणि तार ओढून बघितलीत, काहिलीपाशी बघायचात तशीच. मग अडखळत म्हणालात, "ह्यो चहा न्हाय. घोटभर खरा दे की."

"चहाच हाय, आबा. गप घ्या."

तुम्ही माझ्याकडं बघितलंत आणि तोंड उघडलंत. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलात.

ज्यांच्या बोटांवर सगळं गुऱ्हाळ चालायचं, त्यांना मी तोंडावर खोटं पाडलं. डॉक्टर चुकले नव्हते, मीही दुसरं काय करणार होते कोण जाणे. सात वर्षं स्वतःला हेच समजावतेय आणि आता कंटाळा आलाय त्याचा.

मघाशी त्या पोरीची फुली खोडली आणि बरोबरची खूण केली. हा कागद वह्यांच्या गठ्ठ्याखाली सारून ठेवीन, पाठवायचा तरी कुठं? एक तेवढं सांगायचं राहिलं. तुम्हाला गप केल्यावर मी खाली कँटीनमध्ये गेले आणि खरा चहा प्याले, पातळ, उकळता. फार बरा लागला, आबा. मी दुसरा कप मागवला.