जीनी, मी तळ्यावर नव्हतो

प्रिय जीनी,

फोनवर तुझ्याशी बोलणं हल्ली मला जमत नाही. तू विचारतेस, "कसा आहेस, डेल?" मी म्हणतो, "मजेत," आणि घाईघाईने इथल्या वाऱ्याबद्दल बोलायला लागतो. ओस्वेगोत वारा काय नवा आहे? म्हणून आज लिहायला बसलोय. तुझी वहिनी कॉरिन ओव्हनमध्ये भोपळ्याचा गोड 'पाय' भाजता भाजता मधूनच डोकावून बघतेय, मी खरंच लिहितोय ना ते. काल ती म्हणाली, "तू सांगितलं नाहीस तर मी सांगेन. आणि मी सांगितलं तर तुला ते आवडायचं नाही."

तुझं पत्र मिळालं. विमा कंपनीने ऑपरेशनला पुन्हा नकार दिला, हे तू एका ओळीत लिहिलंस आणि पुढे पानभर चर्चमधल्या गाण्याच्या तालमीबद्दल. वरचे सूर लावताना आता खुर्चीत बसावं लागतं, हे तर तू कंसात लिहिलंयस. जीनी, तुझे कंस मी लहानपणापासून ओळखतो.

आपण जुळी भावंडं पासष्टीची झालो आणि सरकारी आरोग्य विम्याचा हक्क मिळाला, तेव्हाचं आठवतं? तू लाल पेन्सिल घेऊन प्रत्येक योजनेचं पत्रक वाचलंस, खुणा केल्यास, रॉइसच्या औषधांची नावं ताडून पाहिलीस. सरकारी विम्याऐवजी घ्यायच्या खासगी कंपनीच्या योजनेला वेगळा हप्ता नव्हता, वर दात आणि चष्म्याचा खर्चही, म्हणून तू ती घेतलीस. नवऱ्याच्या आजारपणात तुझी ओढाताण चालली होती. त्या वेळी कुणीही शहाण्या माणसाने तेच केलं असतं. आणि मी? मी टपाल उघडतच नव्हतो. "सरकारी मेडिकेअर आणि वर पूरक विमा, इथे सही कर," असं कॉरिन म्हणाली, मी केली. तू मला किती हसलीस. "दर महिन्याला पैसे तळ्यात टाकतोयस, डेल. निदान मासे तरी जाड होतील." तुझं बरोबर होतं. कितीतरी वर्षं तुझंच बरोबर होतं.

मग या जुलैत तुझ्या हृदयाची झडप आकसल्याचं निघालं. बाबांचीही तशीच असणार, असं डॉक्टर म्हणाले. त्याच संध्याकाळी तू मला फोन केलास. स्वतःचं दोन वाक्यांत उरकलंस आणि माझ्या मागे लागलीस. "हे भावंडांत असतं म्हणे. तपासून घे. उद्याच जा. उद्या म्हणजे पुढच्या महिन्यात नाही." दर रविवारी विचारायचीस, गेलास का, गेलास का. शेवटी मी गेलो आणि तुला सांगितलं की सगळं ठीक आहे.

ठीक नव्हतं. माझी झडप तुझ्यापेक्षा वाईट होती.

तुला तेव्हाच सांगणार होतो. पण त्या आठवड्यात तुला कंपनीने कळवलं की ज्या मोठ्या इस्पितळात ही झडप नेहमी बदलतात ते त्यांच्या यादीत नाही, यादीतल्या डॉक्टरकडून आधी सगळ्या तपासण्या पुन्हा करून घे. तू केल्यास. मग तो डॉक्टरच यादीतून गेला. आणि मला? मला इथल्या डॉक्टरांनी विचारलं, "रॉचेस्टरला जाल का? तिथल्या डॉक्टरांचा हात चांगला आहे." मी हो म्हणालो. कुणाची परवानगी नाही, काही नाही. मांडीतून नळी घालून नवी झडप बसवली. दुसऱ्या दिवशी मी उशीला टेकून सूप पीत होतो आणि तुझा फोन आला. "कुठे आहेस? आवाज घुमतोय." मी म्हणालो, "तळ्यावर. पर्च मासे पकडतोय." तू म्हणालीस, "माझ्यासाठीही दोन पकड," आणि हसलीस, आणि हसता हसता श्वास घ्यायला थांबलीस. मी फोन कानाला लावून तुझा श्वास परत येण्याची वाट बघत राहिलो. माझा श्वास त्या दिवशी इतका मोकळा होता की मला लाज वाटली.

तुझ्यामुळे मी वाचलो आणि तुझ्याच आधी बरा झालो. तेही काही शहाणपण करून नाही, आळसाने. ऑक्टोबरात तू सरकारी विम्याकडे परत जायला निघालीस. ते घ्यायला तयार होते. पण उरलेला खर्च उचलणारा पूरक विमा विकणाऱ्या माणसाने पहिलाच प्रश्न हृदयाचा विचारला. तू खरं ते सांगितलंस आणि त्याने विमा नाकारला; त्याच्याशिवाय खर्च झेपणार नव्हता. नंतर मला म्हणालीस, "जन्मभर कोर्टात लोकांना शपथ दिली, आता या वयात खोटं कुठून आणू?" आणि मी तुझ्याशी दर रविवारी खोटं बोलत होतो.

आता ज्यासाठी लिहितोय ते. इथे म्हाताऱ्यांना विम्याचा सल्ला देणारी एक बाई बसते. मी तिला तुझं सगळं सांगितलं. ती म्हणाली, बहीण मॅरिएटा गाव सोडून आपल्या राज्यात राहायला आली तर तिची योजना इथे चालणार नाही, ती आपोआप सुटेल. सरकारी विमा परत मिळेल आणि इथला पूरक विमा विकणारा तिला कायद्याने प्रकृतीच्या कारणावरून नाही म्हणू शकणार नाही. मी तिला तीनदा विचारलं. पण नुसता पत्ता देऊन भागत नाही, खरोखर राहायला यावं लागतं. म्हणजे नदीवरचं घर, तुझी गाण्याची मंडळी, रॉइसची कबर, सगळं मागे ठेवून. हे मागायला माझी जीभ रेटत नव्हती, कारण मागायचं तर मला हे कसं ठाऊक, मी कुठे होतो, तेही सांगावं लागलं असतं. दोन महिने मी माझी लाज जपली आणि तू धापा टाकत जिन्याच्या पायऱ्या मोजत राहिलीस. रविवारी पिकअप ट्रक घेऊन तुला न्यायला येतोय. डॉक्टरांनी गाडी चालवायला हरकत नाही म्हटलंय, कॉरिनने खालची खोली रिकामी केलीय. आल्यावर मला हवं तेवढं बोल, मी अंगणात उभा राहून ऐकेन. यायचं नसेल तर तेही तोंडावर सांग. फक्त, जीनी, माझ्यावर रागावून नाही म्हणू नकोस.

तुझाच,
डेल